दर शनिवारी उघडेल

१८ जानेवारी २०२५, शनिवार

पेटी झाली! चपलांचं खोकं, वरून खाकी कागद, मधोमध चीर. स्केचपेनने लिहिलं — "फोनबद्दल काहीही विचारा. नाव लिहू नका. दर शनिवारी उघडेल." अक्षर नेहमीप्रमाणे उतरणीला लागलं. सहावी-सातवीची सतरा पोरं भोवती कोंडाळं करून — बाई, आत काय हाय? म्हटलं, काहीच नाही. तुम्ही टाकाल ते.

आज पासवर्डचा पाठ घेतला आणि तोंडावर आपटले. सांगितलं, प्रत्येकाने मनातल्या मनात एक गुपित शब्द ठरवायचा, कोणाला सांगायचा नाही. दोन मिनिटं शांतता. मग किरण दोन्ही वेण्या मागे टाकून उभी राहिली — "बाई, माजा लय भारी झालाय, सांगू का?" आणि सांगितलाच! तिच्यामागे सगळ्या वर्गाने आपापला सांगून टाकला. कोणी बैलाचं नाव ठेवलेलं, कोणी डोंगराचं. इतक्या आनंदाने सांगत होती की रागवायचं राहूनच गेलं.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. वाडीत दाराला कुलूप नाही. वाटेवर नवा माणूस दिसला की आधी "कुटनं आला? कुनाचं तुमी?" आणि त्याने विचारलं तर आपलं नाव, बापाचं नाव, घर कोणत्या अंगाला — सगळं सांगायचं. न सांगणारा तो शिष्ट. ही इथली रीत. आणि मी देहूरोडहून येऊन म्हणणार, नाव सांगू नका, गाव सांगू नका. चांगली रीत मोडायला तर शिकवत नाही ना मी? स्कूटीवर घरी येईपर्यंत हेच डोक्यात.

२५ जानेवारी, शनिवार

पेटी उघडली. नऊ चिठ्ठ्या!

फोन कशाने तापतो? गेममधला मेलेला माणूस परत कसा उठतो? बाई, तुम्हीपण रेंजसाठी खडकावर जाता का? (जाते की! शाळेत एक काडी येते, तीही वाऱ्यावर. देवळामागच्या खडकावर चढलं की दोन.)

आणि ही एक — "एका ट्रेकवाल्या पाहुण्याने मला उभं करून माझा फोटो काढला. तो फोटो आता कुठे असेल?"

नाव नाही. पण दोन वर्षं वह्या तपासतेय, अक्षर ओळखायला मला नाव लागत नाही. ही निर्मला. सातवीतली. वर्गात फार बोलत नाही, पण विचारते ते असं की उत्तर देणाऱ्याचीच परीक्षा.

खरं तेच सांगितलं. म्हटलं, मला माहीत नाही. त्याच्या फोनमध्ये असेल, नाहीतर हजार लोकांच्या फोनमध्ये असेल.  मग फळ्यावर दोन नियम लिहिले. एक — विचारल्याशिवाय फोटो नाही. दोन — काहीही झालं तरी बाईंना सांगायचं, बाई रागावणार नाहीत.

"खरंच न्हाई रागावनार?" किरण.

"खरंच नाही."

"आईशप्पत?"

घेतली शपथ. सतरा पोरांसमोर, गळ्याला चिमटा लावून.

३१ जानेवारी, शुक्रवार

नवशाभाऊ हो म्हणाले!! निर्मलाचे वडील. चार वेळा वाडी चढून गेले तेव्हा कुठे. वाडीतली एकही मुलगी अजून सातवीच्या पुढे गेलेली नाही. हायस्कूल खालच्या गावात, जायला पाऊण तास उतार आणि यायला तासाभराची चढण. निर्मलाच्या आईचं, बायाताईंचं म्हणणं, मळवलीला माझी बहीण रुपाली बंगल्यावर आहे, तिच्या हाताखाली पोरगी कामाला लागेल. मी हट्टाला पेटले होते. माझ्या आईची शाळा चौथीत सुटली, ते ती अजून सांगते.

शेवटी नवशाभाऊच म्हणाले — "तिच्यामुळं माजा फोन चालतो, बाई. मी आंगठेबहाद्दर. मेसेज आला की ती वाचून दावती. शिकू द्या आठवी."

आपल्या पोरीबद्दल ते बोलतात तेव्हा नेहमी दुसरीकडे बघतात. डोळ्यांत दिसू नये म्हणून असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी सहाला ग्रुपवर पत्र. उद्या सुरक्षित इंटरनेट दिन. प्रभातफेरी, घोषणा, भाषण. जीपीएस कॅमेऱ्याचे फोटो, शाळेच्या फेसबुक पानाची लिंक, सगळं चार वाजेपर्यंत. आदल्या संध्याकाळी सांगतात! घरी बसून पुठ्ठ्याचे सतरा फलक केले. माझ्या भावाने, प्रदीपने दोऱ्या ओवल्या. म्हणाला, तुमच्या खात्याला फोटो दिसला की पोरं शिकली असं वाटतं का?

११ फेब्रुवारी, मंगळवार

काय झाला कार्यक्रम! अख्खी वाडी दारात. निर्मलाचं भाषण — दोन मिनिटं, कागद न बघता. "माझं नाव माझं आहे. माझं गाव माझं आहे. माझा फोटो माझा आहे. मला विचारल्याशिवाय तो कोणी घ्यायचा नाही." हिरव्या रिबिनी, तेल लावून चापून बसवलेले केस. नवशाभाऊ भिंतीच्या कडेला उभे, दुसरीकडे बघत.

फोटोला जागा मीच निवडली. पुढची पिवळी भिंत, जिच्यावर शाळा व्यवस्थापन समितीची नावं आणि फोन नंबर रंगवलेत. सगळ्या शाळेत तेवढीच पोपडे न निघालेली. निर्मला मधोमध, हातात फलक. खाली ठिकाण, तारीख, वेळ आपोआप उमटली. खडकावर पळत जाऊन चारला दहा कमी असताना चढवला. वर लिहिलं — आमची वक्त्री कु. निर्मला नवशा, पूर्ण नाव, इयत्ता सातवी.

रात्रीपर्यंत चारशे लोकांना आवडला. केंद्रप्रमुख साहेबांचा मेसेज — इतर शाळांनी आदर्श घ्यावा. हनुमंत सर, आमचे मुख्याध्यापक, जूनमध्ये निवृत्त होणार. म्हणाले, मॅडम, जाता जाता नाव काढलंत शाळेचं.

आज मी स्वतःवर खूश आहे. लिहून ठेवते, क्वचित घडतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वडगावला प्रशिक्षण. दिवस गेला. पेटी पुढच्या शनिवारी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार



सकाळी नवशाभाऊ वर्गाच्या दारात. पायात चप्पल नाही, हातात फोन. "ऐका बाई. तुमी शिकिवलं त्ये ह्येच का?"

परक्या पुरुषाचा आवाज, गोड. "निर्मला, किती मेसेज केले, उत्तर का नाही देत? हिरव्या रिबिनींत छान दिसतेस. रविवारी मी तिकडे ट्रेकला येतोय. शाळेच्या वाटेवर भेट. घरी सांगू नको हं."

लिहिलेले मेसेज नवशाभाऊंना वाचता आले नसते. काल याने बोलून पाठवलं, म्हणून कळलं. आधीचे सगळे निर्मलाने पुसून टाकलेले. बापाने विचारलं, नंबर कोणी दिला? म्हणाली, मीच.

निर्मला त्यांच्या मागेच उभी होती. आणि मी काय केलं? तिला जवळ घ्यायचं सोडून सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "मी काय शिकवलं होतं तुला? का दिलास नंबर? आणि सांगितलं का नाहीस?" आवाज चढलेला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली. 

नंतर जे करायचं ते केलं. नवशाभाऊंना घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तक्रार दिली. तिथल्या ताई चांगल्या होत्या. त्यांनी त्या नंबरवर फोन लावला, तो दोन वाक्यं बोलला आणि तेव्हापासून बंद. रविवारी वाटेवर माणूस ठेवतो म्हणाल्या.

परत येताना नवशाभाऊ स्कूटीवर मागे बसून एवढंच बोलले — "सातवी झाली की बास, बाई. आताच मळवलीला धाडतो मावशीकडं. परीक्षेला येईल."

संध्याकाळी पेटी उचलून कपाटावर ठेवून दिली. तक्त्यांच्या मागे. काय उपयोग?

२० फेब्रुवारी, गुरुवार

निर्मलाची जागा रिकामी. किरणने तिथे स्वतःचं दप्तर ठेवलंय, कोणाला बसू देत नाही.

शपथ घेतली होती मी, रागावणार नाही म्हणून. कोणी आठवण करून दिली नाही. पोरं किती दयाळू असतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

वाटेवर कोणी आलं नाही. पोलीस ताईंचा फोन आला, सगळं शांत आहे. जरा श्वास घेतला.

दुपारी प्रदीपला तो फोटो दाखवत होते. बघ, म्हटलं, ही ती मुलगी. काय बोलली होती त्या दिवशी, आणि हिनेच नंबर द्यावा! प्रदीपचा स्वतःचा फोन बटणांचा. देहूरोडच्या लष्करी डेपोत कॅमेऱ्याचा फोन गेटच्या आत नेता येत नाही, म्हणून त्याने कधी घेतलाच नाही. माझा फोन गरम तवा धरावा तसा धरतो. दोन बोटांनी फोटो मोठा करत होता, निर्मलाचा चेहरा नीट बघायला. बोट सरकलं.

"हा नंबर कोणाचा गं?"

तिच्या खांद्यामागे भिंत. भिंतीवर समिती. तिसऱ्या ओळीत — सदस्य, नवशा, पुढे मोबाईल नंबर. दहाही आकडे, स्वच्छ, निळ्या रंगात. खाली ठिकाण. वर तिचं नाव, इयत्ता. माझ्या हाताने लिहिलेलं.

हिरव्या रिबिनी त्या माणसाला कशा दिसल्या, हे पाच दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं!

प्रदीपने फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "आमच्या गेटवर फोन का काढून घेतात सांगू? माणूस समोरच्याचा फोटो काढतो. मागे काय उभं आहे, ते त्याला दिसतच नाही."

फोटो काढून टाकला. मग पान खाली खाली नेत गेले. दोन वर्षं. झाडं लावताना, खिचडी खाताना, हात धुताना, बक्षीस घेताना, रडताना. सगळ्यांची नावं, सगळ्यांखाली ठिकाण. एकालाही विचारलेलं नाही. विचारल्याशिवाय फोटो नाही — फळ्यावर लिहिणारी कोण? मी.

तिने नंबर दिलाच नव्हता. मग "मीच" का म्हणाली? घाबरली असेल. मी विचारलंच तशा आवाजात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हनुमंत सरांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "काढलाय ना फोटो? मग झालं. मॅडम, चौकशी लागली तर तुम्ही निलंबित आणि माझं पेन्शन अडकलं. पोरगी सुखरूप आहे. कोंबडं झाकलेलं बरं."

वाईट माणूस नाही. तीस वर्षं याच डोंगरात शिकवलंय, पावसाळ्यात पोरांना खांद्यावर बसवून ओढा ओलांडलाय.

आणि खरं लिहायचं तर — मला बरं वाटलं. कोणीतरी नको म्हणालं म्हणून.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नवशाभाऊंना सांगायला वाडीवर गेले नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, सुट्टी. गेले नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा दिन. पुन्हा फोटो, पुन्हा लिंक. पोरांना पाठमोरं उभं केलं, फक्त वेण्या आणि दप्तरं. वरून उत्तर — चेहरे दिसत नाहीत, पुन्हा पाठवा. लिहिलं, चेहरे मुलांचे आहेत.  पण वाडीवर आजही गेले नाही. फोनवर शूर, चढणीला भित्री!

घरी आल्यावर आई विहारातून परतली होती. नेहमीप्रमाणे विचारलं, काय शिकवलंस आज पोरांना?  सगळं सांगितलं मग. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "त्या लेकराला मळवलीला भांडी घासायला लावलंस होय तू?"

तिला टोचून बोलायचं नव्हतं. तिने फक्त बरोबर समजून घेतलं होतं.

१ मार्च, शनिवार

शाळा सुटल्यावर गेले.

बायाताई अंगणात वाल सोलत होत्या. नवशाभाऊ बैलाला पाणी दाखवत होते. चढताना सगळं पाठ केलं होतं, ते पोचल्यावर एका दमात सांडलं. नंबर निर्मलाने दिला नाही. मी दिला. फोटोत.

फोटोची एक प्रत ठेवली होती, ती मोठी करून दाखवली. नवशाभाऊंनी हात धोतराला पुसला आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले. "अक्षर न्हाई येत, बाई. आकडं येत्यात." दहाव्या आकड्यावर बोट थांबलं. "ह्यो माजाच."

 बैल पाणी पीत होता तेवढाच आवाज.

"म्या पोरीला नगं नगं त्ये बोललो," ते म्हणाले. आज पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून. "आन् ती ऐकून घेत हुती."

बायाताईंनी विचारलं, "मंग ती का म्हनली, मीच दिला म्हून?"

"भ्याली असेल."

"आमची निर्मी? ती जनावराला भीत न्हाई."



मग नवशाभाऊ — "तुमी घरी येऊन सांगितलं, बरं झालं. पर वाडीला कोन सांगनार? पान्यावर बाया काय काय बोलत्यात."

"मी सांगते."

"समद्यांम्होरं?"

"सगळ्यांसमोर."

म्हटलं खरं.  निघताना बायाताईंनी ओंजळभर सोललेले वाल माझ्या ओढणीत टाकले. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

८ मार्च, शनिवार

महिला दिनाची सभा. शाळेपुढे सगळ्या बायका, मागे पुरुष. हनुमंत सरांना सकाळी सांगितलं होतं, तुम्ही आला नाहीत तरी चालेल. 

मी उभी राहिले.  तोंड उघडायच्या आत शेजारून सर उठले. "फोटो शाळेच्या पानावर गेला. शाळा माझ्या नावावर आहे. तेव्हा चुकीत माझाही वाटा धरा." आणि बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मला रडूच फुटलं. कसंबसं सगळं सांगितलं. निर्मलाने नंबर दिला नव्हता, हे वाक्य तीनदा म्हटलं.

म्हाताऱ्या भागुबाई पुढेच बसल्या होत्या. सगळी सभा त्यांच्या तोंडाकडे. म्हणाल्या, "बाई, आता तुमाला हानू का सोडू?"

"हाणा."

"हात दुकतोय माजा. सोडलं जा." हशा पिकला. मग हसू थांबवून — "चुकलं त्ये सांगितलं. आमी म्होतूर लावलेल्या, दुसऱ्यांदा लगीन झालेल्या बायका, आमाला कुनी चुकलं म्हून सांगत न्हाई. पर ती भिंत पुसा आदी."

म्हातारीच्या एकूण आयुष्याची कहाणी त्या एका वाक्यात! भिंत लगेच पुसली. नावं ठेवली, नंबरांवर पिवळा हात मारला. ब्रश नवशाभाऊंच्या हातात. दहा आकडे त्यांनी स्वतः झाकले आणि ते तडक मळवलीच्या वाटेला लागले.

१० मार्च, सोमवार

आली!

रिबिनी नाहीत. वेण्यांना काळा दोरा. शेवटच्या ओळीत बसायला निघाली, किरणने हाताला धरून ओढून आपल्याशेजारी बसवलं.

हजेरी घ्यायच्या आधी म्हटलं, "निर्मला, मी तुला न विचारता तुझा फोटो टाकला. तुझं नाव टाकलं. वर तुलाच रागावले. माझं चुकलं. माफ कर."

 बाईंनी माफी मागितली तर पुढे काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मागून आवाज — "बाई, उठाबशा काडा."

बरोबरच होतं. आमच्या वर्गाचा कायदा तो, मीच केलेला. कान धरले. पोरं मोजायला लागली. एक... दोन... चौथ्याला गुडघा कटकन वाजला. पाचव्याला निर्मला उठून उभी राहिली.

"बास, बाई."

आज दिवसभरात तेवढेच दोन शब्द बोलली. मला पुरले.

१५ मार्च, शनिवार

किरण म्हणाली, बाई, पेटी परत सुरू करा. म्हटलं, नको. आता तोंडाने विचारा. पेटीत चिठ्ठ्या टाकायला लावून मी आपली सुटका करून घेत होते की काय, असं वाटतं.

नवा नियम पोरांनीच केला. फोटो काढायच्या आधी एकाने ओरडायचं — मागं काय हाय? आणि सगळ्यांनी वळून बघायचं.

निर्मलाला एकटीला गाठून विचारलं, "तू का म्हणालीस मीच दिला म्हणून?"

"असंच."

पुढे विचारलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

नवशाभाऊ आठवीचं नाव काढत नव्हते. आज आपणहून म्हणाले, हायस्कूल बगून येऊ. स्कूटीवरून गेलो.

तिथले मुख्याध्यापक फॉर्म पुढे करत होते. नवशाभाऊंनी फॉर्मला हात लावला नाही. "सायेब, आदी इचारतो. हितं पोरींचं फोटू काडत्यात का? काडलं तर कुटं टाकत्यात? पोरीला इचारून का न इचारता?"

साहेब गडबडले. चष्मा काढला, पुसला. असं आजवर कोणी विचारलं नाही, म्हणाले. मागे रांगेत एक पगडीवाले आबा होते, ते म्हणाले, "मलाबी ह्येच इचारायचं हुतं, तोंडातून येत नव्हतं." साहेबांनी कागद घेऊन लिहून दिलं — पालकांना आणि मुलीला विचारल्याशिवाय नाही. नवशाभाऊंनी तो कागद घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. वाचता येत नाही. निर्मी वाचेल म्हणाले.

परतताना — "म्या इचारलं त्ये बराबर हुतं न्हवं, बाई?"

"एकदम बरोबर."

"मंग धाडतो."

स्कूटी थांबवावी लागली. डोळ्यांतून पाणी, समोरचं दिसेना.

१ मे, गुरुवार

निकाल. निर्मला पहिली. हिरव्या रिबिनी परत!

सातवीच्या मुलींना एकत्र फोटो हवा होता. निर्मलाने वहीत रकाने आखून सगळ्यांना एकेक करून विचारलं. एकीचं "न्हाई". किरणचं — पुढचा दात पडलाय. मग तिलाच फोटो काढायला लावलं. ती ओरडली, मागं काय हाय? सगळ्या वळून बघायला लागल्या. मागे करवंदीची जाळी आणि डोंगर. फोटोत निम्म्यांच्या पाठीच आल्या.

फोटो कुठेही टाकला नाही. वहीत निर्मलाने लिहिलंय — हा फोटो आमचा आहे.

३ मे, शनिवार

शाळा आवरत होते. कपाटावरचे तक्ते काढले, मागून पेटी खाली आली. हलली तर आत काहीतरी वाजलं. एकच चिठ्ठी. वर तारीख — १४ फेब्रुवारी. तारीख घातल्याशिवाय लिहायचं नाही, असं मीच शिकवलंय.

"बाई, एका माणसाने बाबांच्या फोनवर आपला रॅलीचा फोटो पाठवला आहे. भिंतीवर बाबांचा नंबर दिसतो. तुमच्याकडून चुकून झालं. कोणाला सांगितलं तर तुमची बदली करतील का? म्हणून मी कोणालाच सांगणार नाही. बाबांनी विचारलं तर मीच दिला म्हणेन. तुम्ही फक्त तो फोटो काढून टाका. उद्या शनिवार आहे, तुम्ही पेटी उघडाल."